उद्यानातला रविवार: मुलांची राखण करायची, की मुलांबरोबर खेळायचे?

पर्वरीकर

सर्वांना नमस्कार. आमच्या घरात साडेसहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा आहे. आम्ही गोव्यात पर्वरीला चौथ्या मजल्यावर राहतो आणि खाली गाड्या लावण्यापुरतीच जागा आहे, त्यामुळे दर रविवारी संध्याकाळी मांडवी ओलांडून पणजीतल्या कांपालच्या बालोद्यानात जायचे, हा आमचा दोन वर्षांचा नेम आहे. नेम चांगला आहे आणि त्यामागचा हेतू त्याहूनही चांगला आहे. तरीही परतताना गाडीत चौघांपैकी एक जण रडत असतो आणि उरलेले तिघे गप्प असतात, असे आता वारंवार घडू लागले आहे.

गेल्या रविवारी मी शांतपणे हिशेब मांडून पाहिला. दार ओढून घेतल्यापासून पुन्हा दार उघडेपर्यंत अडीच तास गेले. त्यांपैकी सुमारे पाऊण तास पुलावरच्या गर्दीत आणि गाडी लावण्यासाठी जागा शोधण्यात गेला, वीस मिनिटे झोक्याच्या रांगेत गेली, तेवढीच छायाचित्रे काढण्यात आणि ती पुन्हा काढण्यात गेली आणि आईस्क्रीम घ्यायचे की नाही या वादाने उरलेल्यातला मोठा भाग खाल्ला. मुले आपल्या मर्जीने, कोणी मध्ये न बोलता खेळली, तो वेळ जेमतेम पंचवीस मिनिटांचा भरला. त्या पंचवीस मिनिटांतही मी सतत बोलत होतो: हळू जा, पडशील, त्याला आधी जाऊ दे, घसरगुंडीवर उलटे चढू नये, वाळू तोंडात घालू नये. शेवटी मुलगी वळून म्हणाली, "पप्पा, तुम्ही इथे खेळायला येता की राखण करायला?" गावच्या राखणदार देवाला निदान नारळ आणि रोटाचा (जाड भाकरीचा) नैवेद्य तरी मिळतो, मला तेही मिळत नाही, असे मी हसून उत्तर दिले, पण तिचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

कोणत्या उद्यानात कोणती खेळणी आहेत, याची माहिती मला नको आहे. मला विचारायचे आहे ते असे की, त्या एका तासात आई-बापाने नेमके काय करावे? बाकावर बसून राहिले तर अपराधी वाटते आणि मागे-मागे फिरले तर मुलांना नकोसे होते. दोन मुलांच्या वयांत चार वर्षांचे अंतर असेल तर दोघांना एकत्र कसे खेळवावे? आपला अनुभव सविस्तर लिहिलात तर उपकार होतील.

म्हार्दोळची आजी

मी एकतीस वर्षे बालवाडीत शिकवले आणि आता दोन नातवंडांची आजी म्हणून तेच काम विनावेतन करते आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पर्वरीकर, तुमच्या हिशेबात एक गोष्ट मला दिसली नाही. उद्यानात शिरल्यावर पहिली दहा मिनिटे मुले काय करतात, हे तुम्ही नोंदवलेले नाही. बहुतेक पालक याच दहा मिनिटांत सगळा खेळ बिघडवतात. फाटकातून आत आल्यावर मूल पुष्कळदा कडेला उभे राहते, आईचा हात सोडत नाही, नुसते बघत राहते. आपल्याला वाटते, एवढ्या लांब आलो आणि हे बुजून उभे राहिले. मग आपण त्याला ढकलतो: "जा ना, बघ ती ताई कशी घसरते आहे." मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यांत कडेला उभे राहून दुसऱ्यांचा खेळ पाहणे हाही एक स्वतंत्र प्रकार धरला होता. मूल बुजलेले असेलच असे नाही. कोण मोठे आहे, कोण धक्का देते, रांग कुठून सुरू होते, हे सारे ते पाहून घेत असते. त्या वेळी आपण शेजारी उकिडवे बसावे आणि गप्प राहावे. मूल आपणहून सुटते, आणि तसे सुटलेले मूल मग अर्धा तास मागे वळूनही पाहत नाही.

त्याच मांडणीतली आणखी एक गोष्ट तुमच्या दोन वयांच्या अडचणीला लागू पडते. दोन-अडीच वर्षांची मुले प्रामुख्याने शेजारी-शेजारी खेळतात, एकमेकांबरोबर खेळत नाहीत. दोघे एकाच वाळूत बसतात, दोघांच्या हातांत करवंटी असते, परंतु दोन घरे वेगवेगळी बांधली जातात. तुमची मुलगी साडेसहा वर्षांची आहे, म्हणजे नियम ठरवून, भूमिका वाटून खेळण्याच्या वयाची आहे. "भावाला तुझ्या खेळात घे" असे तुम्ही तिला सांगता तेव्हा तिच्या खेळाचे नियम मोडतात आणि त्यालाही त्यातले काही कळत नाही. तिला "तू याच्या जवळ बसून तुझे बांध, तो त्याचे बांधील" एवढेच सांगावे. एक दिवस तो तिच्या घराला खडा आणून देईल आणि तिथून त्यांचे एकत्र खेळणे सुरू होईल. तो दिवस आपल्या सांगण्याने लवकर येत नाही.

तिसरे म्हणजे साधने. १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, असे ठरवले, आणि पाने, खडे, बिया, शंख-शिंपले अशा आसपास सापडणाऱ्या वस्तूंतून शिकवले. आपल्या गोव्यात या वस्तूंना काय तोटा आहे? उद्यानात जाताना मी पिशवीत दोन करवंट्या, एक जुना पेला, थोडी सुपारीची पोय (झावळीचा रुंद देठ) आणि दोरीचा तुकडा नेते. झोक्याची रांग मोठी असेल त्या दिवशी माझी नातवंडे रांगेत उभीच राहत नाहीत. पोयीवर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने ओढायचे, हा खेळ त्यांना झोक्याहून अधिक आवडतो. आणि हो, रांगेतली दोन परकी मुलेही थोड्याच वेळात तिकडे येतात, हा अनुभव मला प्रत्येक वेळी आला आहे.

मडगावची आई

आजींचे लिखाण वाचून बरे वाटले. माझी भर फक्त वेळेपुरती आहे. आम्ही रविवार संध्याकाळ पूर्णपणे सोडून दिली. ज्या वेळी सारे गाव उद्यानात असते, त्या वेळी मुलाच्या वाट्याला खेळ कमी आणि रांग जास्त येते. त्याऐवजी आम्ही शनिवारी सकाळी सात वाजता जातो. तेव्हा फिरायला आलेली ज्येष्ठ मंडळी असतात, झोके रिकामे असतात आणि घसरगुंडी गार असते.

गार असणे ही गौण गोष्ट नाही. मार्च ते मे या काळात दुपारी चार वाजताही पत्र्याची घसरगुंडी आणि रबराची काळी जमीन चटका देण्याइतकी तापलेली असते, आणि पुष्कळ पालक दुपारची झोप आटोपून नेमके त्याच सुमारास निघतात. आपल्या हाताची मागची बाजू तिथे टेकवून पाहावी. आपल्याला ती टेकवून ठेवता येत नसेल तर मुलाच्या मांडीलाही ते सोसणार नाही. उलट डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे साडेपाचला पोहोचणाऱ्यांना अर्धा तासच मिळतो आणि मग काळोखात ओढून घरी आणावे लागते. जूनमध्ये सातपर्यंत उजेड असतो, पण तेव्हा पाऊस असतो. म्हणजे वर्षभर एकच वेळ धरून चालत नाही.

दोन मुलांबाबत आमची पद्धत अशी आहे की, पहिली वीस मिनिटे नवरा मोठ्याबरोबर आणि मी धाकट्याबरोबर असते, नंतर आम्ही अदलाबदल करतो. बापाबरोबर मुलगा जंगलजिमच्या वरच्या दांडीपर्यंत जातो आणि माझ्याबरोबर मधल्या. हे चूक आहे असे मला पूर्वी वाटत असे. आता वाटत नाही.

फोंड्याचा फिजिओ

वरील सर्व मुद्दे मान्य करून एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण पुष्कळ पालक ती प्रेमापोटी करतात आणि तीच धोक्याची असते. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नये.

कारण समजून घ्यावे. मूल एकटे घसरत असताना त्याचा बूट कडेला अडकला, तर त्याचे वजन कमी असल्यामुळे ते तिथेच थांबते किंवा पाय सुटतो. तेच मूल साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या मांडीवर असेल, तर पाय अडकला तरी ते वजन थांबत नाही. रबरी तळव्याचा बूट घसरगुंडीला धरून राहतो, वरचे शरीर पुढे जाते आणि पोटरीचे मोठे हाड पिळवटून मोडते. २०१७ साली अमेरिकेत मांडल्या गेलेल्या एका अभ्यासात २००२ ते २०१५ या काळात सहा वर्षांखालील सुमारे साडेतीन लाख मुलांना घसरगुंडीवर इजा झाल्याचा अंदाज काढण्यात आला होता. त्यांत पायाच्या हाडाचे मोडणे ठळक होते आणि त्याचे कारण पुष्कळदा हीच मांडी असावी, असे अभ्यासकांचे मत होते. जे मूल एकटे घसरायला तयार नाही, त्याच्यासाठी ती घसरगुंडी अजून मोठी आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

चढण्याच्या बाबतीतही तोच नियम मी पाळतो. मूल जिथे स्वतः चढू शकते, तिथून बहुधा स्वतः उतरूही शकते. आपण त्याला उचलून वरच्या दांडीवर बसवतो, तेव्हा त्याच्या हातापायांनी न ओळखलेल्या उंचीवर त्याला ठेवतो. "बाबा, मला वर बसव" म्हटल्यावर "तुला जिथपर्यंत चढता येते तिथपर्यंत चढ, मी खाली उभा आहे" असे म्हणावे. मूल रुसते, परंतु महिन्याभरात एक दांडी वर गेलेले असते.

पडण्याची भीती बाळगणाऱ्यांनी मुलाकडे पाहण्याआधी जमिनीकडे पाहावे. अमेरिकेतील सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार सुमारे २३ सेंटीमीटर खोल सैल वाळू असेल, तर ती साधारण सव्वा मीटर उंचीवरून पडण्यापुरते संरक्षण देते. आपल्याकडे झोक्याखालची वाळू पायांनी उडून-उडून खड्डा पडतो आणि खालची तांबडी कडक माती उघडी होते. नेमके जिथे पाय टेकतात तिथेच ती सर्वांत पातळ असते. दोन मिनिटे पायाने वाळू ओढून तो खड्डा भरावा. कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही आणि मुलेही आनंदाने हातभार लावतात. त्याच सूचनांमध्ये साडेतीन ते नऊ इंचांच्या फटी टाळाव्यात असेही सांगितले आहे, कारण तेवढ्या फटीतून मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. टोपीची लोंबती दोरी, गळ्यातली साखळी आणि मुलींच्या ओढण्या घसरगुंडीवर जाण्यापूर्वी काढून ठेवाव्यात. एवढे एकदा पाहून घेतले की मग तोंड बंद ठेवता येते. पर्वरीकरांचे ते "हळू, हळू" पुष्कळदा न पाहिलेल्या गोष्टींच्या भीतीतून येत असावे.

पर्वरीकर

मी प्रामाणिकपणे कबूल करतो की, मांडीवर घेऊन घसरण्याचा माझा चित्रफितींचा मोठा संग्रह आहे. ते आजपासून बंद. परंतु एक शंका उरते. "हळू" म्हणायचे नाही, तर खरोखर धोका दिसल्यावर काय म्हणावे?

फोंड्याचा फिजिओ

काय करावे ते सांगावे. "हळू" किंवा "सांभाळून" या शब्दांत मुलाला करण्यासारखे काही नसते. "उजवा पाय खालच्या दांडीवर ठेव", "दोन्ही हातांनी धर", "ती पायरी ओली आहे" हे शब्द त्याच्या उपयोगाचे असतात.

डिचोलीकर

हा सगळा धागा वाचून मला थोडे नवल वाटले. आमच्या लहानपणी डिचोलीत उद्यान नव्हते आणि खेळात आई-बाप तर मुळीच नव्हते. देवळाचे आवार होते, मांड (गावाने एकत्र जमायची जागा) होता, कापणीनंतर मोकळी झालेली शेते होती. कोयंडेबाल (विटीदांडू), लगोरी, गड्डे (गोट्या), आट्यापाट्या हे आम्ही आमच्याहून मोठ्या मुलांकडून शिकलो. पडलो तर माती लावून पुन्हा उठलो. माझे स्पष्ट मत आहे की, मुलांच्या खेळात मोठ्यांनी शिरूच नये. रविवारचा तास वाया जातो तो मुलांमुळे जात नाही. तिथे मोठी माणसे जास्त असतात म्हणून जातो.

मडगावची आई

डिचोलीकर बाब, आपले म्हणणे ऐकायला गोड वाटते, परंतु त्यात दोन गोष्टी सुटल्या आहेत. तुमच्या खेळात आई-बाप नव्हते हे खरे, पण पूर्ण वाडा होता. बल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) बसलेली आजी, विहिरीवरची बाई, देवळातले भट, पसरकार (दुकानदार) अशा सर्वांचा डोळा तुमच्यावर होता आणि तुमचे आई-बाप त्याच भरवशावर निर्धास्त होते. आज माझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोण राहते हे मला ठाऊक नाही, आणि फाटकाबाहेर रस्त्यावर भाड्याच्या दुचाक्या भरधाव जातात. दुसरी गोष्ट अशी की, दिवेलागणीपर्यंत शेतात खेळायला मोकळे होते ते तुम्ही मुलगे. माझ्या आईला पाचलाच घरात बोलावले जात असे, कारण धाकटे भावंड कडेवर घ्यायचे असे. तिच्या आठवणीतला खेळ म्हणजे कडेवर भाऊ घेऊन घातलेली लंगडी. तिला आज नातीबरोबर झोक्यावर बसताना पाहिले, तर मोठ्यांनी शिरूच नये असे आपण म्हणणार नाही.

डिचोलीकर

ताई, दुसरा मुद्दा माझ्या लक्षात कधीच आला नव्हता. माझी बहीण कधी खेळायला असे, हे आठवण्याचा प्रयत्न केला आणि आठवले नाही. मी माझे विधान मागे घेतो, निदान अर्धे.

उरलेल्या अर्ध्याविषयी लिहितो. पूर्वी खेळ शिकवण्याचे काम मोठी मुले करीत. आता एकाच वयाची मुले एकत्र असतात, त्यामुळे ती साखळी तुटली आहे. तिथे मोठ्यांनी एकदा शिरावे, एक खेळ शिकवावा, दोन डाव खेळावे आणि मग खरोखर बाहेर पडावे. लगोरी यासाठी उत्तम आहे. सात चपट्या तुकड्यांची चळत, एक चेंडू, दोन गट, एवढे साहित्य पुरते. एका गटाने चेंडूने चळत पाडायची, पुन्हा रचायची, आणि रचताना दुसऱ्या गटाने चेंडू मारून बाद करायचे. लहान मुले असतील तर सातऐवजी चार तुकडे घ्यावेत आणि चेंडू मारण्याऐवजी नुसता लावावा. अडीच वर्षांच्या मुलाला चळत पाडण्याचे काम कायमचे द्यावे. ते त्याला निसर्गतःच येते.

सत्तरीतली पावसाळी

पावसाळ्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. वर्षाचा तिसरा हिस्सा मुलांना घरात कोंडून ठेवायचे, हे मला पटत नाही. आम्ही रिपरिप पाऊस असताना बाहेर पडतो, मोठी सर किंवा गडगडाट असताना नाही. तेव्हा झोके आणि घसरगुंडी वर्ज्य असतात, कारण चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि लोखंडावर शेवाळ धरते. त्याऐवजी वाहत्या पाण्यावर माटव (मांडव) बांधल्यासारखे काड्यांचे पूल बांधायचे, पानाच्या होड्या सोडायच्या, बेडकाची पिल्ले पाहायची. एक पथ्य कटाक्षाने पाळावे: साचलेल्या घाण पाण्यात मुलांना अनवाणी उतरवू नये आणि पायावर जखम असेल तर मुळीच नाही. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पावसाळ्यात त्याचा धोका वाढतो. रबरी बूट घालावेत, घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत. धो-धो पावसाच्या दिवशी देवळाचा सभामंडप, आरतीची वेळ सोडून, लंगडीला आणि पकडापकडीला पुरतो; मात्र आधी पुजाऱ्यांना विचारावे, कारण मुलांचा आवाज सर्वांना सोसतोच असे नाही.

पावसाळा संपल्यावर बोंडल्याला एकदा जरूर जावे. आठ चौरस किलोमीटरचे ते छोटेसे अभयारण्य आहे, मुलांना खेळायला बाग आहे आणि सावली भरपूर आहे. गुरुवारी बंद असते, हे आम्ही फाटकापर्यंत जाऊन शिकलो.

वास्कोची आई

मी बराच वेळ लिहू की नको, असा विचार करीत होते. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. तो जन्मतः बहिरा आहे आणि कॉक्लियर इम्प्लांट या शस्त्रक्रियेने बसवलेल्या श्रवण-उपकरणाच्या साहाय्याने ऐकतो. प्लास्टिकच्या घसरगुंडीवरून घसरताना अंगात स्थिर वीज साठते, केस उभे राहतात ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या विजेने उपकरणातली जुळणी बिघडू शकते, म्हणून घसरगुंडीवर जाण्याआधी आम्ही कानामागचा बाहेरचा भाग काढून ठेवतो. म्हणजे उद्यानातला सर्वांत आनंदाचा वेळ माझा मुलगा पूर्ण शांततेत घालवतो.

इतर पालकांचा नेमका गैरसमज इथेच होतो. मागून कोणी "ए, सरक ना" म्हणते, तो सरकत नाही, आणि मग "किती उद्धट मूल आहे" हे शब्द मला ऐकू येतात. एकदा एका गृहस्थांनी त्याला दंडाला धरून बाजूला केले. मी भांडले नाही, पण त्यानंतर आम्ही दोन महिने तिकडे फिरकलो नाही. माझी विनंती फार छोटी आहे. दुसऱ्याच्या मुलाशी बोलायचे असेल तर त्याच्या समोर यावे, त्याच्या उंचीवर वाकावे आणि मग बोलावे. ऐकू येणाऱ्या मुलांनाही ते बरेच वाटेल.

आमच्या खुणा आता पाच आहेत: थांब, तुझी पाळी, आणखी एक, पाणी, आणि घरी. पैकी "तुझी पाळी" ही खूण आमच्याबरोबर नेहमी खेळणाऱ्या दोन मुलींनी आपणहून उचलली. त्यांच्या आयांनी त्यांना ती शिकवलेली नव्हती.

मडगावची आई

ताई, आपण लिहिलेत हे फार चांगले झाले. माझ्या तोंडून मागून "सरक" हा शब्द किती वेळा गेला असेल, याचा मी विचार करीत आहे.

म्हार्दोळची आजी

वास्कोच्या बाईने सांगितलेली "आणखी एक" ही खूण सर्वांनी उचलावी, कारण निघण्याच्या वेळची रडारड तिथे सुटते. "पाच मिनिटांनी निघू" या वाक्याचा अडीच वर्षांच्या मुलाला काहीच अर्थ लागत नाही. पाच मिनिटे हाताला लागत नाहीत. "आणखी तीन झोके" मात्र त्याला बोटांवर दिसतात. ते तीन त्यालाच मोजू द्यावेत आणि शेवटचा खेळ कोणता, हेही त्यालाच ठरवू द्यावे. आपण मात्र तीन म्हटले तर तीनच ठेवावेत. गप्पा रंगल्या म्हणून आपणच आणखी पंधरा मिनिटे रेंगाळलो, तर पुढच्या वेळी त्या शब्दाला किंमत उरत नाही. आमच्याकडे संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की निघायचे, असा संकेत आहे. भोंग्याशी हुज्जत घालता येत नाही, आणि वाटेत गरम उंडो (गोल पाव) मिळतो, त्यामुळे कोणी हुज्जत घालण्याच्या मनःस्थितीतही नसते.

पर्वरीकर

चार आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. सर्वांचे मनापासून आभार मानतो आणि काय-काय झाले ते जसेच्या तसे सांगतो.

रविवारची कांपालची फेरी आम्ही महिन्यातून एकदाच ठेवली. त्याऐवजी घरापासून सात मिनिटांच्या अंतरावर एक ओबडधोबड मोकळी जागा आहे, दोन झोके आणि एक आंब्याचे झाड एवढाच तिचा ऐवज आहे, तिथे आठवड्यातून चार वेळा चालत जाऊ लागलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १८० मिनिटांची आणि २०२० साली पाच वर्षांवरील मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल सुचवली आहे. मी ते वाचून प्रथम घाबरलो. मग लक्षात आले की, चालत जाणे-येणे, जिने चढणे, दारात उड्या मारणे हे सारे त्यात धरायचे आहे. आठवड्यातल्या एका थोरल्या सहलीने ते भरणे शक्यच नव्हते.

भ्रमणध्वनी मी घरी ठेवतो. पत्नीला हे पटलेले नाही आणि तिचे म्हणणे रास्त आहे: मुले मोठी झाल्यावर चित्रे मागतील तेव्हा काय दाखवणार? तडजोड अशी झाली की, तिने पहिल्या पाच मिनिटांत हवी तेवढी छायाचित्रे काढावीत आणि मग फोन पिशवीत ठेवावा. पाचाची पंधरा होतात. मी बोलत नाही.

मुलाला आता मी वर उचलून ठेवत नाही. पहिल्या आठवड्यात तो झाडाखाली आडवा पडून रडला आणि एका बाईने मला निर्दय बाप म्हणून पाहिले. तिसऱ्या आठवड्यात तो झोक्याच्या खांबाच्या आडव्या दांडीवर एक पाय ठेवून उभा राहिला, एवढीच प्रगती आहे, पण ती त्याची स्वतःची आहे. आजींनी सांगितल्याप्रमाणे दोघे शेजारी-शेजारी बसून खेळतात. त्याने बहिणीला अद्याप खडा आणून दिलेला नाही. तिचे घर मात्र दोनदा मोडले आहे.

सर्वांत अनपेक्षित गोष्ट माझ्या सासूबाईंच्या बाबतीत घडली. त्या आठवडाभर राहायला आल्या होत्या. मुलीला लगोरी शिकवायची म्हणून मी त्या मोकळ्या जागेत तुकडे रचत होतो, तर त्यांनी पदर खोचला आणि पहिल्याच फटक्यात चळत उडवली. त्यांना नेम धरता येतो हे पत्नीलाही ठाऊक नव्हते. आता शेजारच्या इमारतीतली तीन मुले रोज विचारतात की, आजी पुन्हा कधी येणार. त्या चवथीला (गणेश चतुर्थीला) येणार आहेत.

एक अडचण आहे. मी चिऱ्याच्या कपच्या वापरल्या होत्या, त्यांच्या कडा लागून मुलीच्या बोटाला खरचटले. डिचोलीकर, लगोरीसाठी दुसरे काय वापरता येईल?

डिचोलीकर

पर्वरीकर बाब, चिरा आणि फुटके कौल, दोन्ही नकोत. कडा धारदार असतात आणि चिऱ्याचा भुगाही पडतो. सुताराकडे जाऊन फणसाच्या किंवा मिळेल त्या फळीचे सात गोल तुकडे कापून घ्यावेत, सर्वांत मोठा वीतभर आणि वर लहान होत गेलेले, आणि कडा पॉलिशच्या कागदाने घासून घ्याव्यात. चेंडू जुन्या मोज्यात चिंध्या घट्ट भरून घरीच शिवावा. लागला तरी दुखत नाही आणि उताराने रस्त्यावर घरंगळतही नाही. चवथीला सासूबाई आल्या की किती फटक्यांत चळत पडली, ते इथे जरूर कळवावे.